ग्रुप रोज वेगळा येतोय? रायफल उघडायच्या आधी हे बघा

महिन्यातनं एकदा तरी हे होतंच. (ग्रुप म्हणजे एकाच टार्गेटवर मारलेल्या शॉटचा पसारा, मिमीमध्ये.) कोणीतरी पोरगं हातात कार्ड, म्हणजे कागदी टार्गेट, घेऊन येतं, मागे त्याचे बाबा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "सर, रायफल बिघडली. काल सहाचा ग्रुप होता, आज नऊचा आला." मी विचारतो मोजला कसा, तर पोरगं बाबांकडे बघतं आणि बाबा माझ्याकडे. तोपर्यंत बऱ्याचदा स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू घरी एकदा पिळून झालेले असतात, डायऑप्टर (डोळ्याजवळची, बारीक भोकाची साइट) दहा क्लिक इकडे दहा क्लिक तिकडे फिरवून झालेला असतो, म्हणजे आधी नसलेला बिघाड आता खरंच झालेला असतो.

पॅरिसला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्या कोल्हापूरकडे रायफल घेऊन येणारी पोरं वाढलीत आणि त्याबरोबर हा प्रश्नही वाढलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. माझा अनुभव असा की दहातल्या सात-आठ वेळा रायफल ठीक असते, मोजमाप चुकलेलं असतं. खाली जे आहे ते 10 मीटर एअर रायफल आणि 4.5 मिमी पेलेट (शिशाचा छर्रा) धरून लिहिलंय, .22 वाल्यांसाठी (काडतुसाची रायफल) जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

लक्षणं

यातलं काहीही होत असेल तर पुढे वाचा. एकच कार्ड तिघांनी मोजलं आणि तीन आकडे आले. नेटवर कोणी "माझा अडीचचा ग्रुप" म्हणतंय आणि तुमचा तेवढाच दिसणारा ग्रुप सातचा निघतोय. मोबाईल ॲप एक सांगतं, व्हर्नियर दुसरंच. सोमवारी चारचा, मंगळवारी आठचा, आणि मधे रायफल बॅगेतच होती. ग्रुप बारीक पण स्कोअर पडलेला, किंवा उलट. ग्रुप गोल न येता उभी नाहीतर आडवी रेघ येते. शेवटचं लक्षण सोडलं तर बाकी सगळ्यात आधी मोजमापावरच संशय घ्यायचा, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सगळ्यात पहिलं: नक्की काय मोजताय

ग्रुप मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि अर्धी भांडणं इथेच मिटतात. एक, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. दुसरी, त्याच दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत, जिला आमच्याकडे सगळे सेंटर टू सेंटर म्हणतात. पहिलीतनं एका भोकाचा व्यास वजा केला की दुसरी मिळते. म्हणजे बाहेरून सात मिमी आला तर सेंटर टू सेंटर अडीचच्या आसपास, कारण साडेचार मिमी तर पेलेटच खातं. नेटवरचा अडीचवाला आणि तुम्ही सातवाले, दोघं एकच ग्रुप मारताय. घरात, क्लबमध्ये, कोचबरोबर एकच पद्धत ठरवा आणि कार्डाच्या मागे आकड्यापुढे लिहा, "बाहेरून" की "सेंटर". मी सेंटर टू सेंटरच धरतो, कारण .22 च्या 5.6 मिमी गोळीशी आणि एअर रायफलशी तुलना करायची झाली तर भोकाचा आकार मधे येत नाही.

दुसरं: वजा किती करायचं

इथे लोक डोळे मिटून 4.5 वजा करतात. पण कागदाला पडलेलं भोक 4.5 चं नसतं हो. मॅच पेलेट चपट्या तोंडाचं असतं म्हणून ते कागद बऱ्यापैकी स्वच्छ कापतं, तरी कागदाचे तंतू थोडे परत आत येतात आणि भोक पेलेटपेक्षा बारीक दिसतं. किती बारीक, ते कागदावर अवलंबून. चांगल्या जाड मॅच कार्डावर फरक कमी, घरी ए-फोरवर प्रिंट काढलेल्या टार्गेटवर भोक फाटतंच, आणि कड कुठे धरायची तेच कळत नाही.

उपाय सोपा आहे. त्याच कार्डाच्या कोपऱ्यात, ग्रुपपासून लांब, मुद्दाम एक एकटा शॉट मारा. ते भोक मोजा आणि तेच वजा करा. परवाचंच उदाहरण, एका मुलीचा ग्रुप बाहेरून 11.8 आला, कोपऱ्यातलं एकटं भोक 4.1. वजा करून 7.7. तिने 4.5 वजा करून 7.3 लिहिलं होतं आणि आदल्या दिवशीच्या दुसऱ्या कागदावरच्या आकड्याशी ताडून बघत होती. चार दशांश मिमीचा फरक नुसत्या कागदाने घातला.

या एकट्या भोकाचा अजून एक फायदा आहे आणि तो मला फार आवडतो. तुमच्या व्हर्नियरला झिरो एरर असेल, म्हणजे जबडे पूर्ण मिटल्यावरही 0.3 दाखवत असेल, तर तो 0.3 ग्रुपच्या मापातही येतो आणि भोकाच्या मापातही येतो, वजाबाकी केली की दोन्हीकडचा उडून जातो. शंभर रुपयांचं प्लॅस्टिकचं व्हर्नियर असलं तरी चालून जातं. तरीपण सुरू करायच्या आधी जबडे मिटवून झिरो बघायची सवय लावा. डिजिटल असेल तर सेल उतरल्यावर ते काहीही दाखवतं हेही लक्षात ठेवा.

मोजताना कार्ड सपाट टेबलावर, मागचे उसवलेले तंतू बोटाने हलकेच दाबून बसवायचे, आणि व्हर्नियरच्या जबड्यांची बारीक टोकं भोकाच्या कडेला फक्त टेकवायची. दाबली की कागद चेपतो आणि ग्रुप "सुधारतो". मोजणाऱ्याचाच ग्रुप असेल तर बोट जरा जास्तच दाबतं, मी स्वतःवरून सांगतोय. म्हणून आमच्याकडे दुसऱ्याचं कार्ड मोजायचं, स्वतःचं नाही.

पावसाळ्यात अजून एक. जुलैमध्ये आमच्याकडे कार्डं इतकी सर्द होतात की भोक कापलं जात नाही, लगदा झाल्यासारखं फाटतं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, जसे पापड ठेवता तसे, आणि टार्गेटच्या मागे अजून एक कोरं कार्ड चिकटून लावा. मागे आधार असला की भोक स्वच्छ पडतं.

घरी प्रिंट काढलेलं टार्गेट आणि ॲप

प्रिंटरमध्ये "फिट टू पेज" राहिलं की टार्गेट दोन-चार टक्क्यांनी आक्रसतं. पट्टीने मोजून बघा, 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग 30.5 मिमी पाहिजे आणि सगळ्यात बाहेरची एकची रिंग 45.5 मिमी. व्हर्नियरने सरळ मिमीमध्ये मोजणाऱ्याला याने ग्रुपच्या आकड्यात फरक पडत नाही, पण रिंगवरून अंदाज करणाऱ्याला आणि ॲपवाल्याला पडतो. ॲपला तुम्ही सांगता की काळा भाग 30.5 आहे, तो खरा असतो 29.6, मग ॲप सगळंच तीन टक्के फुगवून सांगतं. शिवाय फोटो तिरका काढला तर एका बाजूने ताणलेला ग्रुप मिळतो. फोन कार्डाच्या बरोबर वर, थोडा लांबून, आणि झूम करून. हे जमत नसेल तर ॲप सोडा, व्हर्नियर वापरा.

शॉट किती मारले, हे सगळ्यात महत्त्वाचं

इथे मी स्वतः आपटलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी स्टेटच्या (राज्य स्पर्धेच्या) दोन आठवडे आधी माझा ग्रुप सहावरून साडेसातवर गेला आणि तिथेच थांबला. मी स्टॉक उघडला, स्क्रू अंदाजाने आवळले, पेलेटचे दोन नवीन डबे आणले, बॅरल साफ करायला दोनदा फेल्ट ओढला. काही फरक नाही, उलट साइटची जुळवणी गेली ती वेगळीच. मग एका सीनियरने माझी वही चाळली आणि विचारलं, "हे आधीचे ग्रुप पाच शॉटचे आहेत का रे? आणि आताचे दहाचे?" होते. स्टॅमिना वाढवायचा म्हणून मी दहा-दहा मारायला लागलो होतो. बाकी काहीही झालं नव्हतं.

जितके जास्त शॉट तितका ग्रुप मोठा येणारच, कारण ग्रुप म्हणजे सगळ्यात लांबचे दोन शॉट, आणि प्रत्येक नवा शॉट त्या दोघांना बाहेर ढकलू शकतो, आत ओढू शकत नाही. साधा हिशोब असा की ज्याचे पाच शॉटचे ग्रुप सरासरी 6 मिमी येतात त्याचे तीन शॉटचे 4.7 च्या आसपास येतील, दहाचे साडेसात, वीसचे पावणेनऊ. माणूस तोच, रायफल तीच, पेलेट तेच. त्यामुळे कोणी तीन शॉटचा ग्रुप दाखवून रायफल विकायला आला तर हसून चहा पाजा आणि दहा मारून दाखव म्हणा.

आणि एकेक पाचचा ग्रुप कधीच खरं सांगत नाही. सरासरी सहा असणाऱ्याचा एखादा चारचा येतो, एखादा आठचा, काहीही न बदलता. सोमवार-मंगळवारचं कोडं म्हणजे बहुतेक एवढंच. आज पेलेट बदलून एक ग्रुप मारला, बारीक आला, म्हणून तो डबा चांगला, असं होत नाही. निदान चार-पाच ग्रुप मारा आणि सरासरी काढा, मगच बोला. एवढं मारायचा कंटाळा येत असेल तर पेलेटवर पैसे घालू नका, सरळ सांगतो.

फ्लायर काढायचा का

चार शॉट एका भोकात आणि एक लांब गेला (यालाच फ्लायर म्हणतात) की लगेच "तो माझा चुकला, तो धरू नका" सुरू होतं. नियम एकच, ट्रिगर सुटल्यावर कार्ड बघायच्या आधी तोंडाने बोललात "गेला डावीकडे", आणि तो खरंच डावीकडे गेला, तर वहीत खूण करा आणि दोन्ही आकडे लिहा, त्याच्यासकट आणि त्याच्याशिवाय. बघितल्यावर काढलेला फ्लायर हा फ्लायर नसतो, तो तुमचा पाचवा शॉट असतो.

ग्रुप बारीक झाला की मोजणंच अवघड होतं

चांगल्या शूटरचे दहा शॉट एकमेकांवर पडतात आणि एकच फाटकं मोठं भोक राहतं. कडेचा शॉट कुठला, दहाही त्यातच गेले का एखादा बाहेरच गेला, काही कळत नाही. अशा वेळी एका टार्गेटवर एकच शॉट मारा, दहा कार्डं वापरा. मग ट्रान्सपरंट शीटवर आधी टार्गेटच्या रिंगा काढा, ती प्रत्येक कार्डावर रिंगेला रिंग जुळवून ठेवा आणि भोकाच्या मध्याला बॉलपेनचा बारीक ठिपका द्या. दहा ठिपके एका शीटवर आले की तुमचा खरा ग्रुप दिसतो, आणि हा सरळ सेंटर टू सेंटरच असतो, वजाबाकी नाही.

ही शीट मिमीच्या ग्राफपेपरवर ठेवली की अजून एक गोष्ट फुकटात मिळते. दहाही ठिपक्यांची आडव्या अंतरांची सरासरी आणि उभ्या अंतरांची सरासरी काढली की ग्रुपचा मध्य मिळतो, मग प्रत्येक ठिपका त्या मध्यापासून किती लांब ते मोजून त्याची सरासरी. याला मीन रेडियस म्हणतात. लांबच्या दोन शॉटवरनं ठरवताना बाकीचे आठ शॉट वाया जातात, यात दहाही कामाला येतात, म्हणून हा आकडा रोजच्या रोज कमी उड्या मारतो. पेलेट तपासायला मी आता फक्त हेच वापरतो.

स्कोअरवरून ग्रुप काढायला जाऊ नका. एअर रायफलमध्ये 10.9 म्हणजे टार्गेटच्या मध्यापासून पाव मिमीच्या आत आणि 10.0 म्हणजे अडीच मिमीच्या आत, प्रत्येक दशांशाला पाव मिमी. पण हे अंतर टार्गेटच्या मध्यापासून आहे, ग्रुपच्या मध्यापासून नाही. ग्रुप झकास बारीक पण दोन मिमी डावीकडे बसला असेल तर स्कोअर पडतो आणि पोरगं रडत येतं. तिथे फक्त साइटचे क्लिक लागतात, बाकी काही नाही.

आता रेंजकडे बघा

टेपने अंतर मोजा, फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या तोंडापर्यंत 10 मीटर. पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर बनवलेल्या रेंज मी 9.5 च्याही बघितल्यात, तिथे ग्रुप आपोआप पाच टक्के बारीक येतो आणि पोरगं स्पर्धेत जाऊन हबकतं. दोरीवरची पुली असेल तर टार्गेट थांबेपर्यंत थांबा, पंखा बंद करा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर कागदाचा रोल पुढे सरकतोय का तेवढं बघा, त्याच्या आत मात्र हात घालू नका.

मग पेलेट, आणि मग रायफलचं बाहेरचं

दोन लॉटचे पेलेट मिसळू नका, डब्याच्या मागचा लॉट नंबर वहीत लिहा. वाकलेल्या स्कर्टचं (मागच्या पोकळ कडेचं) पेलेट बाजूला काढा, काचेवर लोळवलं की कळतं. शिसं आहे, हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

रायफलला हात लावायच्या आधी पेलेट नाही ना बघा, सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी असल्याची खूण) घाला. मग डायऑप्टर, फोरसाइट (पुढची साइट), चीक पीस (गाल टेकतो तो भाग), बट प्लेट (खांद्याला लागतो तो भाग), बॅरलवरची वजनं यातलं काही हलतंय का ते बोटाने बघा. हललं तर ग्रुप फुटणारच. स्टॉकचे स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यालाच, टॉर्क रेंचने. रेंच नसेल तर हात लावू नका. हवेच्या सिलेंडरचा प्रेशर गेज बघा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान आकड्याच्या खाली गेला की वेग पडतो आणि शॉट खाली सरकत जातात.

उभी रेघ येत असेल तर श्वास, बट प्लेट आणि प्रेशर. आडवी येत असेल तर नॅचरल पॉइंट ऑफ एम (अंग सैल सोडलं की रायफल आपोआप जिथे रोखली जाते ती जागा), ट्रिगरवरचं बोट, गालाचा दाब. पण एकाच पाचच्या ग्रुपवर रेघ दिसली म्हणून निदान करू नका, तीन-चार कार्डांवर तीच रेघ आली तर खरी.

शेवटी टेबल आणि सँडबॅग. रायफल पिशवीवर टेकवून पाच शॉटचे पाच ग्रुप मारा. टेकवून बारीक आणि उभं राहून मोठा, तर प्रश्न पोझिशनचा आहे, कोचकडे जा. टेकवूनही फुटतोय, पेलेट बदलून बघितले, मोजमाप वरच्यासारखं केलं, तरी फुटतोय, तर आता रायफलवर संशय घ्या. सुस्थितीतली मॅच रायफल क्लॅम्पमध्ये योग्य पेलेटने दहा शॉट बाहेरून सहा मिमीच्या आत ठेवते.

इथे थांबा

हिसहिस आवाज, रात्रभरात गेज खाली येणं, ट्रिगर कधी हलका कधी जड, बॅरलच्या तोंडाला ठोकर लागलेली, ही चारही कामं आर्मररची (बंदुका दुरुस्त करणाऱ्याची). रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, सिलेंडर घरी उघडायचे नाहीत. बऱ्याच मॅच रायफलींचे सिलेंडर 200 बारला भरतात, एवढा दाब अंगावर आला तर बोट जाईल. सिलेंडरवरची तारीख बघा, मुदत संपली असेल तर वापरणं बंद, कितीही नवा दिसला तरी. त्यात हवाच भरायची, ऑक्सिजन कधीही नाही. आणि .22 असेल तर ते फायरआर्म आहे, दुरुस्ती लायसन्सधारक माणसाकडेच, ओळखीच्या लेथवाल्याकडे नाही.

आर्मररकडे जाताना नुसती रायफल नेऊ नका. टेकवून मारलेली पाचही कार्डं, कोपऱ्यातल्या एकट्या भोकासकट, मागे तारीख, लॉट नंबर आणि प्रेशर लिहिलेली, आणि तुम्ही वापरता त्याच लॉटचे शंभरेक पेलेट. आणि घरी स्क्रू पिळले असतील तर तेही खरं खरं सांगा, त्यांना उघडल्या उघडल्या कळतंच.